विंडो गोठते, मग क्रॅश होते, मग कायमची अडकते: डेस्कटॉप ॲपमधल्या थ्रेडचं निदान

तक्रार बहुतेक वेळा अशी सुरू होते. बटण दाबलं की विंडो पांढरी पडते, शीर्षकपट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' दिसतं आणि थोड्या वेळाने सगळं पूर्ववत होतं. मग ते काम वेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्रॅमच्या आत समांतर चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यात) टाकलं जातं. गोठणं थांबतं, पण काही दिवसांनी ॲप मधूनच बंद पडायला लागतं, कधी या मशीनवर तर कधी त्या. त्यावर उपाय म्हणून चार ठिकाणी लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारी कुलपं) घातले जातात, आणि आता ॲप पडत नाही, पण अडकलं की अडकलंच.

हे तीन वेगळे दोष नाहीत. पडद्यावरच्या गोष्टींना हात लावायचा हक्क एकाच थ्रेडला, म्हणजे यूआय थ्रेडला, असतो, आणि त्या थ्रेडने कुणासाठीही थांबायचं नसतं. या वाक्याचा पहिला अर्धा मोडला की क्रॅश, दुसरा मोडला की गोठणं, आणि दोन्ही सांभाळायच्या नादात दोन थ्रेड एकमेकांची वाट बघत बसले की डेडलॉक.

आधी सीपीयू बघा, कोड नंतर

ॲप गोठलेलं असतानाच टास्क मॅनेजर किंवा टॉप उघडा. एक कोअर पूर्ण भरलेला दिसला तर यूआय थ्रेडवर कुठेतरी हिशेब किंवा लूप चालू आहे. सीपीयू जवळपास शून्य असेल तर यूआय थ्रेड कशाची तरी वाट बघतोय: डिस्क, नेटवर्क, लॉक किंवा दुसरा थ्रेड. थोड्या वेळाने आपोआप सुटलं तर डिस्क किंवा नेटवर्क, सुटलंच नाही तर बहुधा डेडलॉक. एवढ्या दहा सेकंदांच्या निरीक्षणाने अर्धं काम होतं, आणि तरी लोक आधी कोड वाचत बसतात.

त्यानंतर अंदाज न बांधता स्टॅक काढा, म्हणजे प्रत्येक थ्रेड कोणकोणत्या फंक्शनमधून कुठे पोचलाय त्याची यादी. जाव्हा असेल तर जेस्टॅक आणि प्रोसेस क्रमांक. लिनक्सवर सी किंवा सी++ असेल तर जीडीबी जोडून 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी'. पायथनसाठी पाय-स्पाय डंप. चालू ॲप बंद न करता तो प्रत्येक थ्रेड कोणत्या ओळीवर आहे ते सांगतो. व्हिज्युअल स्टुडिओत 'ब्रेक ऑल' करून पॅरलल स्टॅक्सची खिडकी उघडा. ग्राहकाच्या विंडोज मशीनवर यातलं काहीच नसेल तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये त्या प्रोसेसवर उजवी क्लिक करून 'अॅनालाइझ वेट चेन' बघा, आणि तिथूनच डंप फाइल मागवून घ्या. स्टॅक एकदाच काढू नका. दोन-तीन सेकंदांच्या अंतराने तीनदा काढा. तिन्ही वेळा यूआय थ्रेड त्याच ओळीवर असेल तर तो अडकलाय. ओळी बदलत असतील तर तो राबतोय.

गोठणं

यूआय थ्रेड एका रांगेतून संदेश उचलतो: माऊस हलला, कळ दाबली, विंडोचा हा भाग पुन्हा रंगवा. तुमचा क्लिक हँडलर (क्लिक झाल्यावर चालणारं फंक्शन) हा त्या रांगेतल्या एका संदेशाचाच भाग असतो. तो परत येईपर्यंत पुढचा संदेश उचलला जात नाही. विंडोजवर एखाद्या विंडोने ५ सेकंद संदेश उचलले नाहीत की यंत्रणा तिला प्रतिसादहीन ठरवते आणि तिच्या जागी पांढुरकी नक्कल दाखवते. पण ५ सेकंद ही शेवटची हद्द झाली. माणसाला सुमारे १०० मिलिसेकंदांनंतर उशीर जाणवतो, आणि ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपासच वेळ मिळतो.

कुठलं काम बाहेर हलवायचं? मोठे हिशेब सगळेच हलवतात. राहून जातात ती निरुपद्रवी वाटणारी कामं: नेटवर्क ड्राइव्हवरची फाइल आहे का हे तपासणं, संगणकाच्या नावावरून पत्ता शोधणं, प्रिंटरची यादी मागवणं, लॉग फाइलमध्ये लिहिणं. ऑफिसच्या वेगवान नेटवर्कवर ही दोन मिलिसेकंदांत होतात. तोच ड्राइव्ह बंद असलेल्या मशीनवर यातलंच एखादं कितीतरी सेकंद धरून ठेवतं. नियम सोपा ठेवा: ज्या कॉलला लागणारा वेळ तुमच्या प्रोसेसच्या बाहेरच्या कशावर तरी अवलंबून आहे, तो यूआय थ्रेडवर नको.

इथे एक पळवाट लोकप्रिय आहे. लूपच्या आत मधेमधे 'डूइव्हेंट्स' किंवा क्यूटीचं 'प्रोसेसइव्हेंट्स' बोलवायचं, म्हणजे विंडो हलते. हलते खरी, पण त्याच लूपच्या पोटात वापरकर्त्याने तेच बटण पुन्हा दाबलं तर तोच हँडलर पुन्हा सुरू होतो, पहिला अजून अर्धवट असताना. किंवा तो विंडो बंद करतो आणि लूप परत येतो तेव्हा ज्या यादीत ओळी भरायच्या ती यादीच उरलेली नसते. एकाच थ्रेडमध्ये राहून थ्रेडचे सगळे त्रास ओढवून घ्यायची ही पद्धत आहे. टाळा.

क्रॅश: चुकीच्या थ्रेडमधून विजेटला हात

विजेट म्हणजे बटण, यादी असा पडद्यावरचा घटक, आणि ते पुरवणारी लायब्ररी म्हणजे टूलकिट. काही टूलकिट लगेच ओरडतात. डब्ल्यूपीएफ सांगतं की ही वस्तू दुसऱ्या थ्रेडच्या मालकीची आहे. जाव्हाएफएक्स 'नॉट ऑन एफएक्स ॲप्लिकेशन थ्रेड' असा अपवाद फेकतं. क्यूटी कन्सोलवर ओळ छापतं, 'कॅनॉट क्रिएट चिल्ड्रन फॉर अ पेरेंट दॅट इज इन अ डिफरंट थ्रेड' किंवा 'टायमर्स कॅनॉट बी स्टार्टेड फ्रॉम अनदर थ्रेड', आणि पुढे चालू लागतं. कन्सोल न बघता ॲप चालवणाऱ्याला ही ओळ कधी दिसतच नाही. मॅकवर एक्सकोड ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, मेन थ्रेड चेकर आहे. तो बंद केला असेल तर आधी चालू करा.

जाव्हाचं स्विंग मात्र गप्प बसतं. कुठलाही अपवाद नाही. यादीच्या ओळी कधी दोनदा दिसतात, कधी रंगवताना मधेच इंडेक्सची चूक येते, आणि तिच्या स्टॅकमध्ये तुमच्या कोडची एकही ओळ नसते. स्टॅकमध्ये फक्त टूलकिटच्याच ओळी दिसल्या की शंभरातल्या बहुतेक वेळा संशय थ्रेडवरच घ्यावा.

विंडोज फॉर्म्सची तऱ्हा आणखी वेगळी. 'क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड' ही तपासणी मुळात डीबगर जोडलेला असतानाच चालू असते. म्हणजे विकसकाकडे चूक दिसते, आणि ग्राहकाकडे तीच चूक मुकाट्याने पुढे सरकते. 'चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स' ही खूण फॉल्स करून चूक 'गेली' असं म्हणणारा कोड सापडला तर समजा की दोष तिथेच पुरून ठेवलाय. चाचणीच्या बिल्डमध्ये उलट करा: ती ट्रू ठेवा, डीबगर असो वा नसो.

'इन्व्होकरिक्वायर्ड'वरही डोळे मिटून विसंबू नका. कंट्रोलचं हँडल (विंडोजने त्याला दिलेली ओळख) अजून तयार झालेलं नसेल तर ते फॉल्स सांगतं, कोणत्याही थ्रेडमधून विचारा. फॉर्मच्या कन्स्ट्रक्टरमधून थ्रेड सुरू केला आणि तो फॉर्म दिसण्याआधीच काम संपवून आला, की हाच सापळा. थ्रेड 'लोड' किंवा 'शोन' इव्हेंटमधून सुरू करा.

लिहिण्यासारखंच वाचणंही निषिद्ध आहे, हे अनेकांना पटत नाही. कामाच्या थ्रेडमधून मजकूरपेटीतलं नाव वाचलं तरी हक्क मोडलाच. लागणाऱ्या सगळ्या किमती थ्रेड सुरू करण्याआधी यूआय थ्रेडवर वाचून घ्या आणि साध्या वस्तूत भरून पुढे द्या. परत येतानाही तसंच: थ्रेडने विजेट नको, माहिती पाठवावी, आणि पाठवल्यावर तिला पुन्हा हात लावू नये. ज्या यादीत तो अजून भर घालतोय तीच यादी यूआयला दिली तर रांगेतून पाठवूनही काही उपयोग नाही. प्रत द्या.

पाठवायचे मार्ग टूलकिटनुसार ठरलेले आहेत. स्विंगमध्ये 'इन्व्होकलेटर', जाव्हाएफएक्समध्ये 'प्लॅटफॉर्म.रनलेटर', विंडोज फॉर्म्समध्ये 'बिगिनइन्व्होक', डब्ल्यूपीएफमध्ये डिस्पॅचरचं 'इन्व्होकअसिंक', मॅकवर 'डिस्पॅचक्यू.मेन.असिंक'. जीटीके वापरत असाल तर 'जी_आयडल_ॲड', आणि जुन्या कोडमधले 'जीडीके_थ्रेड्स_एंटर' काढून टाका, ते ३.६ पासूनच बाद ठरवलेत. 'जी_आयडल_ॲड'ला दिलेल्या फंक्शनने शेवटी 'जी_सोर्स_रिमूव्ह' परत करायलाच हवं. चुकून ट्रू परत केलं तर तेच फंक्शन पुन्हापुन्हा बोलावलं जातं आणि एक कोअर भरून जातो. टीकेइंटरमध्ये सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे कामाच्या थ्रेडने फक्त 'क्यू'मध्ये टाकायचं, आणि मुख्य थ्रेडने 'आफ्टर' वापरून दर ५० मिलिसेकंदांनी ती रांग 'गेट_नोवेट'ने रिकामी करायची.

क्यूटीत चार खड्डे नेहमीचे आहेत:

- क्यूथ्रेड ही वस्तू थ्रेड नव्हे. ती ज्या थ्रेडने बनवली त्याचीच असते. म्हणून तिच्यापासून वर्ग काढून त्यात लिहिलेले स्लॉट (सिग्नल आल्यावर चालणारी फंक्शनं) जुन्याच, बहुधा यूआय थ्रेडवर चालतात. कामाची वस्तू वेगळी करा आणि 'मूव्हटूथ्रेड'ने हलवा.
- हलवायच्या वस्तूला पालक देऊ नका. पालक असलेली वस्तू हलत नाही, फक्त इशारा छापला जातो.
- कनेक्ट करताना नुसता लॅम्ब्डा दिला आणि संदर्भवस्तू दिली नाही, तर तो सिग्नल सोडणाऱ्याच थ्रेडवर चालतो. विंडोचा 'धिस' तिसऱ्या जागी द्या, म्हणजे तो विंडोच्या थ्रेडवर येतो. ही एक जागा भरल्याने कित्येक गूढ क्रॅश थांबतात.
- चित्र कामाच्या थ्रेडमध्ये उघडायचं असेल तर क्यूइमेज वापरा. क्यूपिक्समॅप यूआय थ्रेडसाठीच.

जुन्या लिनक्स मशीनवर 'मोस्ट लाइकली धिस इज अ मल्टी-थ्रेडेड क्लायंट अँड एक्सइनिटथ्रेड्स हॅज नॉट बीन कॉल्ड' अशी ओळ येऊन ॲप पडलं, तर तिथे लगेच 'एक्सइनिटथ्रेड्स' घालून मोकळं होऊ नका. ओळ खरी आहे, पण ती बहुधा लक्षण सांगते: कुठला तरी दुसरा थ्रेड रंगवायला गेलाय. आधी तो शोधा.

शोधायचा मार्ग म्हणजे दारावर पहारा. विंडोची माहिती बदलणाऱ्या प्रत्येक स्वतःच्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत तपासणी घाला: स्विंगमध्ये 'इजइव्हेंटडिस्पॅचथ्रेड', डब्ल्यूपीएफमध्ये 'व्हेरिफायॲक्सेस', पायथनमध्ये चालू थ्रेड हाच 'मेन_थ्रेड' आहे का. सी++ मध्ये याशिवाय '-एफसॅनिटाइझ=थ्रेड' लावून एक बिल्ड करा. ॲप ५ ते १५ पट मंद होतं, मेमरीही ५ ते १० पट लागते, पण दोन थ्रेड एकाच जागेवर न विचारता लिहीत असतील तर दोघांचेही स्टॅक हातात मिळतात.

डेडलॉक: जवळून एक नमुना

टूलकिटवाले सगळीकडे लॉक का घालत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. कारण इव्हेंट खालून वर येतात: यंत्रणा, मग टूलकिट, मग तुमचा कोड. तुमचे आदेश मात्र वरून खाली जातात. प्रत्येक थरावर लॉक असेल तर एक थ्रेड ते खालून वर घेत येतो, दुसरा वरून खाली, आणि मधे कुठेतरी दोघं समोरासमोर येऊन थांबतात. म्हणून जवळपास सगळ्या टूलकिटनी एकाच थ्रेडचा मार्ग धरला.

तरी डेडलॉक होतोच, कारण आपणच थांबायला सांगतो. स्विंगमधला हा नेहमीचा नमुना. वापरकर्ता विंडो बंद करतो. बंद करण्याच्या हँडलरमध्ये 'थ्रेड.जॉइन' आहे, काम संपेपर्यंत थांबण्यासाठी. त्याच वेळी कामाच्या थ्रेडने प्रगती दाखवायला 'इन्व्होकअँडवेट' केलंय. जेस्टॅक काढला की दोन थ्रेड बघायचे. 'एडब्ल्यूटी-इव्हेंटक्यू-०' (स्विंगचा यूआय थ्रेड) वेटिंगमध्ये, वरून खाली: ऑब्जेक्ट.वेट, थ्रेड.जॉइन, आणि खाली तुमचा विंडोक्लोजिंग. कामाचा थ्रेडही वेटिंगमध्ये: ऑब्जेक्ट.वेट, इव्हेंटक्यू.इन्व्होकअँडवेट, आणि खाली तुमचं प्रगती कळवणारं फंक्शन. पहिला म्हणतो तू संपव, दुसरा म्हणतो तू रांग उचल.

यात एक फसवणूक आहे. जेस्टॅकच्या शेवटी 'डेडलॉक सापडला' असं छापून येईल असं वाटतं. इथे येत नाही. ते साधन लॉकची साखळी ओळखतं; जॉइनमधली वाट लॉक नाही. तळाला काही छापलं नाही म्हणून डेडलॉक नाही असं धरू नका, यूआय थ्रेडचा स्टॅक स्वतः वाचा.

डॉटनेटमध्ये हाच प्राणी वेगळ्या रूपात भेटतो: बटणाच्या हँडलरमध्ये असिंक फंक्शन बोलवायचं आणि त्याच्या टास्कवर '.रिझल्ट' किंवा '.वेट' लावायचं. आतल्या अवेटला उरलेलं काम यूआय थ्रेडवर परत येऊन करायचंय, आणि यूआय थ्रेड रिझल्टपाशी बसलाय. तोच कोड कन्सोल ॲपमध्ये बिनबोभाट चालतो, कारण तिथे परत यायला यूआय थ्रेडच नसतो. म्हणून युनिट टेस्टही पास होते. हँडलर वरपासून खालपर्यंत असिंक करा. लायब्ररीच्या कोडमध्ये 'कन्फिगरअवेट(फॉल्स)' लावणं चांगलंच, पण साखळीत एक अवेट जरी सुटला तरी पुन्हा तेच.

दोन सवयी लावल्या तर हा प्रकार जवळपास संपतो. यूआयकडे पाठवताना थांबणारा प्रकार वापरायचा नाही: 'इन्व्होक'ऐवजी 'बिगिनइन्व्होक', 'इन्व्होकअँडवेट'ऐवजी 'इन्व्होकलेटर', क्यूटीत 'ब्लॉकिंगक्यूड'ऐवजी 'क्यूड'. आणि हातात लॉक असताना पाठवायचं नाही, कॉलबॅकही बोलवायचा नाही. लॉकच्या आत प्रत घ्या, लॉक सोडा, मग पाठवा.

दुरुस्तीनंतर ॲप मंद झालं तर

आता क्रॅश नाही, डेडलॉक नाही, पण दोन लाख फाइली तपासताना विंडो पुन्हा पांढरी. कारण प्रत्येक फाइलमागे एक संदेश यूआयकडे जातोय. विंडोजवर पाठवलेले संदेश माऊस-कीबोर्डच्या संदेशांआधी उचलले जातात, आणि रंगवण्याचा व टायमरचा नंबर सगळ्यांच्या शेवटी. त्यामुळे 'रद्द करा'ची क्लिकही त्या पुरामागे अडकते. रांगेची मर्यादा मुळात १०,००० संदेशांची असते. ती भरली की 'पोस्टमेसेज' अपयश कळवतं, आणि ते परतमूल्य कुणी तपासत नाही.

प्रगती सेकंदाला १० ते २० वेळा दाखवली तरी डोळ्याला पुरते. सगळ्यात सोपं म्हणजे कामाच्या थ्रेडने एक अॅटॉमिक (दोन थ्रेडनी एकदम हात लावला तरी न बिघडणारा) आकडा वाढवत राहायचं आणि यूआयवरच्या १०० मिलिसेकंदांच्या टायमरने तो वाचायचा. टायमर नको असेल तर 'संदेश वाटेत आहे' अशी एक अॅटॉमिक खूण ठेवा: खूण आधीच लागलेली असेल तर नवा संदेश पाठवू नका. यूआयकडे मात्र क्रम सांभाळा. आधी खूण काढायची, मग आकडा वाचायचा. उलट केलं तर मधल्या क्षणी आलेली शेवटची बातमी हरवते आणि पट्टी ९९ टक्क्यांवर थांबून राहते. स्विंगवर्करचं 'पब्लिश' आणि जाव्हाएफएक्स टास्कचं 'अपडेटप्रोग्रेस' हे एकत्रीकरण स्वतः करतात. 'रनलेटर' आणि क्यूटीचे सिग्नल करत नाहीत.

स्विंगवर्करबद्दल आणखी दोन गोष्टी. त्याच्या थ्रेड पूलमध्ये जास्तीत जास्त १० थ्रेड असतात, त्यामुळे दहा लांबलचक कामं चालू असताना अकरावं नुसतं रांगेत बसतं आणि ते गोठण्यासारखंच दिसतं. आणि 'डूइनबॅकग्राउंड'मधला अपवाद गिळला जातो. 'डन'मध्ये 'गेट' बोलावल्याशिवाय तो कळत नाही. "काहीच होत नाही, चूकही येत नाही" ही तक्रार आली की आधी तिथे बघा.

पायथनमध्ये हिशेब वेगळ्या थ्रेडला देऊनही विंडो अडखळत असेल तर दोष संदेशांचा नाही. नेहमीच्या सीपायथनमध्ये जीआयएलमुळे (सगळ्या थ्रेडमध्ये सामायिक असलेल्या एकाच लॉकमुळे) एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवतो, आणि अदलाबदलीचा ठरलेला अवधी ५ मिलिसेकंदांचा आहे. फाइल किंवा नेटवर्कची वाट बघणाऱ्या कामाला थ्रेड पुरतो. शुद्ध हिशेबाला 'मल्टिप्रोसेसिंग' वापरा.

रद्द करणं, उशिरा आलेली उत्तरं आणि विंडो बंद करणं

थ्रेड बाहेरून मारू नका. 'टर्मिनेटथ्रेड'ने मारलेल्या थ्रेडकडे त्या क्षणी हीपचा (मेमरी वाटपाचा) लॉक असला तर पुढची मेमरी मागणारा प्रत्येक थ्रेड तिथेच थिजतो. जाव्हा २० पासून 'थ्रेड.स्टॉप' फक्त अपवाद फेकतं, नव्या डॉटनेटमध्ये 'थ्रेड.अबॉर्ट'ही तसंच. खूण लावा (कॅन्सलेशनटोकन, 'रिक्वेस्टइंटरप्शन' किंवा साधा अॅटॉमिक बूलियन) आणि कामाच्या लूपमध्ये ती निदान दर १०० मिलिसेकंदांनी तपासली जाईल असं बघा. नेटवर्कच्या वाचनाला टाइमआउट नसेल तर खूण तपासायची पाळीच येत नाही. तिथे सॉकेट बंद करून वाचन सोडवावं लागतं.

शोधपेटीत माणूस टाइप करत जातो तसे चार थ्रेड सुटतात, आणि दुसऱ्याचं उत्तर चौथ्याच्या नंतर येतं. पडद्यावर जुनी यादी. रद्द करण्यावर इथे विसंबता येत नाही, कारण उत्तर आधीच रांगेत पडलेलं असू शकतं. प्रत्येक मागणीला यूआय थ्रेडवर वाढता क्रमांक द्या, तोच उत्तराबरोबर परत आणा, आणि पोचल्यावर तो शेवटच्या क्रमांकाशी जुळला नाही तर उत्तर टाकून द्या. लॉक लागत नाही, कारण तो क्रमांक लिहिणारा आणि तपासणारा थ्रेड एकच आहे.

बंद करताना क्रम असा: बंद करण्याचा इव्हेंट नाकारा, रद्दची खूण लावा, बटणं निष्क्रिय करून 'बंद होत आहे' दाखवा, आणि थ्रेड संपल्याचा संदेश यूआयवर पोचला की मग विंडो खरोखर बंद करा. क्यूटीत 'डिस्ट्रॉइड व्हाइल थ्रेड इज स्टिल रनिंग' ही ओळ येते ती हा क्रम चुकल्यामुळेच. तिथे थ्रेडच्या 'फिनिश्ड' सिग्नलला कामाच्या वस्तूचं 'डिलीटलेटर' जोडा, आणि क्यूथ्रेड स्वतः 'फिनिश्ड' येईपर्यंत जिवंत ठेवा. दुरुस्ती बसली का हे बघायला प्रत्येक कामाच्या सुरुवातीला मुद्दाम ३ सेकंदांची झोप घाला, काम चालू करून लगेच विंडो बंद करा, आणि हे वीस वेळा करा. मग तीच झोप कामाच्या शेवटी, निकाल पाठवण्याच्या अगदी आधी हलवून पुन्हा वीस वेळा.